मऊ ओट्स-बेदाणा कुकी सोलापुरात: कोणत्या सामानावर पैसे घालावेत, कोणत्यावर नाही

ज्या कोरड्या हवेमुळे सोलापूरची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, तीच हवा मऊ कुकीची वैरीण आहे. ओट्स-बेदाण्याची कुकी कडेला किंचित खरपूस, मध्ये मऊ आणि चावताना थोडी ओढ देणारी हवी. चिवट म्हटले की शिळी चपाती डोळ्यांपुढे येते. इथे हवा आहे तो चांगल्या खजुरासारखा चाव. हा चाव म्हणजे भाजल्यानंतरही कुकीत उरलेले पाणी. कोणते सामान ते पाणी धरून ठेवते आणि कोणते सोडून देते, या एकाच कसोटीवर सोलापूरच्या बाजारातले ओट्स, बेदाणे, साखर, लोणी आणि घरगुती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) इथे तोलून पाहिले आहेत.

निकाल आधीच सांगून टाकतो. बेदाणे आणि काकवी आपल्या भागातली घ्या, त्याहून चांगले काही बाहेरून आणायची गरज नाही. ओट्स जाडेच घ्या, त्यासाठी दोन दुकाने जास्त फिरावी लागली तरी फिरा. वरचे पैसे घालायचे असतील तर एक ग्रॅमपर्यंत नेमके मोजणारा वजनकाटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर यांवर घाला. परदेशी ब्राउन शुगर, कुकीचे तयार मिश्रण आणि व्हॅनिलाची महागडी बाटली यांच्यावाचून काहीही अडत नाही.

दुकानातल्या पाकीटबंद ओट्स कुकीशी तुलना करू नका. ती महिनोन् महिने टिकावी म्हणून जवळजवळ सगळे पाणी जाईपर्यंत भाजलेली असते, म्हणजे ती मुळात बिस्किटच. पाकिटामागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते; ओट्स मैदा, साखर आणि तेलाच्या खाली दिसले की पाकिटावरच्या चित्राला किती किंमत द्यायची ते कळते.

ओट्स

बाजारात तीन प्रकार मिळतात आणि पाकिटे लांबून सारखीच दिसतात. रोल्ड ओट्स म्हणजे अख्खा दाणा वाफवून दाबलेला जाड पोहा. एकेक पोहा अखंड, गोलसर, बोटात धरला तर लगेच तुटत नाही. इन्स्टंट किंवा क्विक ओट्स पातळ आणि तुटके असतात, पाकीट हलवले की तळाशी भुकटी जाणवते. स्टील कट म्हणजे दाण्याचे तुकडे, लापशीच्या रव्यासारखे.

कुकीसाठी फक्त रोल्ड. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो, तो पाणी शोषून बुळबुळीत होतो आणि कुकीतली ओलही धरून ठेवतो. जाड पोहा हे काम सावकाश करतो आणि स्वतःचा आकार सोडत नाही, म्हणून चावायला काहीतरी उरते. इन्स्टंट ओट्स मिश्रणातले पाणी पाच मिनिटांत पिऊन टाकतात, पीठ घट्ट होते, कुकी पसरत नाही आणि शेवटी जाडसर केकचा तुकडा हातात येतो. स्टील कट बारा मिनिटांच्या भाजणीत शिजतच नाहीत, दाताखाली खडे लागतात. मसाला ओट्सचे पाकीट चुकून उचलले जाणार नाही एवढे बघा, कारण बऱ्याच दुकानांत ही सगळी पाकिटे एकाच फळीवर असतात.

ओट्समध्ये गव्हापेक्षा जास्त तेल असते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४२ च्या पुढे सहज जातो, तेव्हा फळीवर पडून राहिलेले पाकीट लवकर खवट होते. उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला किंवा जिभेवर कडवट चव रेंगाळली तर ते पाकीट परत करा. दालचिनीने तो वास झाकला जात नाही. उत्पादनाची तारीख दोन-तीन महिन्यांच्या आतली पाहा, मोठ्या पाकिटापेक्षा छोटे घ्या आणि उघडल्यावर घट्ट डब्यात फ्रीजमध्ये ठेवा.

ओट्सऐवजी ज्वारीचे पोहे चालतील का, हा प्रश्न इथे येणारच, कारण मंगळवेढ्याची ज्वारी हाताशी आहे. चव छान येते, पण ज्वारीत ओट्सइतका पाणी धरणारा तंतू नाही, त्यामुळे कुकी ठिसूळ होते. एकूण ओट्सच्या पाव भागापर्यंत ज्वारीचे पोहे घाला, त्यापुढे जाऊ नका.

बेदाणे

सोलापूरकर म्हणून आपले नशीब खरे उघडते ते इथे. सोनाका ही लांबट दाण्याची द्राक्षाची जात आपल्याच उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजची. पंढरपूर भागात आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षे पसरून बेदाणा तयार होतो. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात काही मिनिटे बुडवतात. त्याने सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो, पाणी लवकर बाहेर पडते आणि उन्हात महिनाभर ठेवण्याऐवजी सावलीत साधारण पंधरवड्यात माल सुकतो. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षे लागतात. मार्चनंतर नवा माल बाजारात येतो. वर्षाचा साठा करायचा तर तेव्हाच.

दुकानात बेदाणा मागायचा, मनुका नव्हे. मनुका म्हटल्यावर अनेक ठिकाणी काळे, मोठे, बियांचे दाणे पुढे येतात. ते दुधात उकळायला उत्तम, पण कुकीत बी दाताखाली आली की सगळी मजा जाते.

हिरवट, चकचकीत, एकसारख्या लांब दाण्याचा बेदाणा सगळ्यात महाग असतो. ही किंमत मुख्यतः रंगाची आणि आकाराची आहे. फिका रंग टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी दिलेली असते आणि ओव्हनमध्ये तो रंग तसाही तपकिरी होणार. म्हणून कुकीसाठी त्याच्या खालच्या प्रतीचा, पिवळसर ते तांबूस, आकाराने लहानमोठा असलेला बेदाणा घ्या, गोडी तीच. काळ्या द्राक्षांचा बिनबियांचा बेदाणा मिळाला तर तो आमच्या मते सर्वांत चांगला, कारण त्यात थोडा आंबटपणा असतो आणि गोड कुकीत तो फार शोभतो. मधला मारुती आणि टिळक चौकाच्या बाजूला किराणा व सुक्या मेव्याच्या दुकानांतून सुटा माल हातात घेऊन बघता येतो, हा पाकिटावरचा मोठा फायदा. दाणा बोटांत दाबा: तो दबला पाहिजे, पण चिकट रस बाहेर यायला नको. टणक दाणा जुना, चिकट गोळा झालेला दाणा ओल लागलेला. नाकाला काडी पेटवल्यासारखा झोंबरा वास आला तर गंधक जास्त आहे, दुसरे पोते बघा.

विकत घेतलेला बेदाणा थेट मिश्रणात घालणे ही घरच्या कुकीतली सर्वांत सर्रास होणारी चूक. कोरडा दाणा भाजताना आणि नंतर डब्यातही आजूबाजूच्या पिठातली ओल ओढून घेतो. दाणा तसाच राहतो आणि त्याच्याभोवतीची कुकी सुकते. ९० ग्रॅम बेदाणे आधी दोन पाण्यांतून धुवा, मग चहाइतक्या गरम पाण्यात १५ मिनिटे झाकून ठेवा, निथळा आणि स्वच्छ पंचावर पसरून वरचे पाणी पूर्ण टिपून घ्या. दाणे फुगून साधारण १०५ ग्रॅम भरतात. तासभर भिजवत ठेवू नका. मग ते फुटतात आणि त्यांच्या रसाने पीठ सैल होते.

साखर आणि काकवी

कुकी मऊ ठेवण्यात ओट्सच्या बरोबरीचा वाटा ब्राउन शुगरमधल्या मळीचा आहे, कारण ती हवेतली ओल धरते. पण दुकानात ब्राउन शुगर म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे सुटसुटीत, खळखळ वाजणारे तपकिरी दाणे असतात. खरी ओली ब्राउन शुगर मुठीत दाबली की भिजलेल्या वाळूसारखा गोळा होतो. गोळा झाला नाही तर ते दाणे चहात घालायला ठीक. कुकीत त्यांचा उपयोग पांढऱ्या साखरेएवढाच.

काकवी हे त्याचे सरळ आणि स्वस्त उत्तर. १०० ग्रॅम बारीक दाण्याच्या साखरेत एक मोठा चमचा, म्हणजे साधारण २० ग्रॅम, काकवी घालून बोटांनी चोळा. दोन मिनिटांत ओली, सुवासिक ब्राउन शुगर तयार. काकवीत आधीच फुटलेली, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेली, साखर असते, ती पुन्हा दाणेदार होत नाही, आणि चावाला ओढ येते ती त्यामुळेच. काकवी किंचित आंबट असल्याने खायचा सोडाही आपले काम नीट करतो. बाटली उघडताना फसफसली किंवा ताडीसारखा वास आला तर ती आंबली आहे, घेऊ नका.

नुसता किसलेला गूळ घातला तर कुकी लवकर काळपट होते आणि न विरघळलेले खडे जळून कडू ठिपके पडतात. गूळच हवा असेल तर तो वितळलेल्या लोण्यात पूर्ण विरघळवून, गाळून घ्या आणि ओव्हन १६५ अंशांवर ठेवा.

लोणी की तूप

पाकिटातले खारे लोणी चांगले काम देते. त्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यातले बरेचसे पाणी, जे ओट्स भिजायला उपयोगी पडते. मीठ त्यातच असते, वरून घालू नका. तुपात पाणी नसते, म्हणून तुपाची कुकी नानकटाईच्या वाटेने जाते: खुसखुशीत, तोंडात विरघळणारी, पण चाव नसलेली. नानकटाईसाठी हा गुण, इथे दोष. घरच्या ताज्या लोण्यात ताकाचे प्रमाण दर वेळी वेगळे, त्यामुळे कुकीही दर वेळी वेगळी होते.

परदेशी पाककृतींत लोणी ‘खोलीच्या तापमानाचे’ घ्या असे लिहिलेले असते, ते साधारण २० अंशांची खोली धरून. सोलापुरात एप्रिलमध्ये ओट्यावर ठेवलेले लोणी अर्ध्या तासात तेल होते. तेव्हा सरळ वितळवून घ्या आणि हाताला कोमट लागेपर्यंत थांबवा. मिश्रणात हवा कमी भरते, त्याने कुकी दाट आणि ओढदार होते, म्हणजे आपल्याला हवी तशीच.

ओटीजी

या कुकीला २५ ते ३० लिटरचा, वर-खाली दोन रॉडचा साधा ओटीजी पुरतो. पंखा असला तर तापमान १० ते १५ अंश कमी ठेवा, कारण फिरती हवा पृष्ठभाग लवकर सुकवते. बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका; घरगुती ओटीजीत प्रत्यक्ष तापमान त्याच्या १५-२० अंश इकडेतिकडे असणे नेहमीचे आहे. ओटीजीवरचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी नव्हे. दिवा विझल्यावर आणखी १० मिनिटे थांबा आणि थर्मामीटरवर १७५ दिसल्यावरच ट्रे आत सारा. दीड हजार वॅटच्या आसपासचा ओटीजी मोठ्या, १६ अँपियरच्या प्लगलाच लावा. मोबाइलच्या चार्जरसोबत एक्स्टेंशन बोर्डावर तो लावणे धोक्याचे आहे.

सोबत मिळणारा काळा ट्रे खालून फार तापतो. त्यावर ओव्हनला चालणारा बेकिंग पेपर घाला. केकच्या दुकानातला पातळ बटर पेपर कधी कधी चिकटतो. तळ तरीही करपत असेल तर एकाखाली एक असे दोन ट्रे ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्येही जमते, पण फिरत्या ताटलीवर एका वेळी पाच-सहाच मावतात. कढईत मीठ तापवून भाजण्याची पद्धत केकसाठी असेल, कुकीसाठी नाही: सगळी उष्णता खालून येते, तळ कडक होतो आणि वरून कुकी पांढुरकीच राहते.

प्रमाण आणि कृती

४० ते ४२ ग्रॅमच्या १६ कुकींसाठी हे प्रमाण. खारे लोणी ११५ ग्रॅम, काकवी चोळलेली साखर १२० ग्रॅम, साधी साखर ३० ग्रॅम, एक अंडे आणि वर एक पिवळा बलक, मैदा १०० ग्रॅम, रोल्ड ओट्स १३५ ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, दालचिनीची पूड अर्धा चमचा, व्हॅनिला असल्यास एक चमचा, आणि भिजवून टिपलेले बेदाणे.

मैदा वजनानेच मोजा. कप पिठात खुपसून भरला तर १४० ग्रॅमच्या वर जातो, चमच्याने हलकेच भरला तर १२० च्या आसपास. कुकी फुगून गोळ्यासारखी राहते, पसरत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हा जादा मैदा असतो.

कोमट लोण्यात दोन्ही साखरा मिनिटभर घोटा, अंडे, बलक आणि व्हॅनिला घालून मिश्रण तकतकीत होईपर्यंत हलवा. मैदा, सोडा आणि दालचिनी एकत्र चाळून घाला. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवा. जास्त घोटले की मैद्याचा चिकटपणा वाढतो आणि मग खरोखरच शिळ्या चपातीसारखा चिवटपणा येतो. ओट्स आणि बेदाणे शेवटी, उलथन्याने. मिश्रण या वेळी सैल वाटेल. मैदा वाढवू नका. झाकून फ्रीजमध्ये कमीत कमी एक तास ठेवा, रात्रभर ठेवले तर आणखी चांगले. ओट्स पाणी पितात, लोणी घट्ट होते, साखर विरघळते, तिन्ही कामे या विश्रांतीतच होतात. ही पायरी गाळली तर उन्हाळ्यात ट्रेवर कुकीऐवजी एक सलग पापुद्रा मिळेल.

गोळे वजन करून बांधा, दीड सेंटिमीटर जाडीपर्यंत दाबा, मधे बोटभर-बोटभर नव्हे तर चांगले पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. वर आलेले बेदाणे आत ढकला, कारण उघडा दाणा फुगून करपतो आणि कडू होतो. मधल्या जाळीवर १७५ अंशांवर ११ ते १२ मिनिटे. कडा सोनेरी आणि घट्ट दिसाव्यात, मध्यभाग मात्र ओलसर, कच्चा वाटेल असा. नेमका तेव्हाच ट्रे बाहेर काढायचा. गरम ट्रेवर पुढची पाच मिनिटे ती शिजतच राहते. पूर्ण शिजलेली दिसेपर्यंत ओव्हनमध्ये ठेवलेली कुकी गार झाल्यावर बिस्किट झालेली असते. काढल्याबरोबर उचलायला गेलात तर ती मोडेल, म्हणून पाच मिनिटांनी उलथन्याने जाळीवर घ्या.

दुसरा घाणा गरम ट्रेवर लावू नका, लोणी भाजणी सुरू होण्याआधीच वितळते. ट्रे पालथा करून नळाखाली गार करा, पुसा, मग गोळे ठेवा. तोवर उरलेले गोळे फ्रीजमध्येच हवेत.

कुकीला साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला आहे. चमचा सपाट करून मोजा. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घातली तर कुकी वर फुगते आणि केकसारखी मऊ होते, ओढ राहत नाही.

अंडे चालत नसेल तर न भाजलेल्या जवसाची एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा लिबलिबीत गर तयार होतो आणि तो ओल चांगली धरतो. सोलापुरात जवस प्रत्येक किराण्यात मिळते, फक्त चटणीसाठी भाजून कुटलेले नको. वरचा बलक अर्थातच वगळा आणि भाजणी एखाद मिनिट वाढवा. दही मात्र टाळा. ते सोड्याबरोबर जोरात फुगते आणि कुकीचा केक होतो.

टिकवण्याबद्दल

भाजून झाले म्हणून ताटात उघडी ठेवलेली कुकी मार्च ते मे या काळात संध्याकाळपर्यंत कडा वाजेल इतकी सुकते. पूर्ण गार होताच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. कोमट असताना भरली तर झाकणाला पाणी सुटते आणि वरचा थर चिकट होतो. डब्यात पावाचा अर्धा तुकडा वाटीत ठेवा. पावातली ओल हळूहळू कुकीत जाते, पाव टणक होतो आणि कुकी मऊ राहते. उन्हाळ्यात तुकडा रोज बदला, नाहीतर तो बुरसतो. पावसाळ्यात पावाची गरजच पडत नाही. अशा डब्यात कुकी चार-पाच दिवस छान राहते. सगळे गोळे एकदम भाजू नका: अर्धे गोळे दाबून फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तेव्हा न वितळवता थेट ट्रेवर ठेवून दोन मिनिटे जास्त भाजा.